मडके कोणी पारखावे?

चैत्र वद्य त्रयोदशी जवळ आली की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील पायवाटा तेरकडे वळू लागतात. तेरणेच्या काठी श्रीसंत गोरोबाकाकांची समाधी आहे. त्या दिवसांत गावोगावच्या देवळांतून काकांचीच कथा चालते, आणि आम्ही शाळामास्तरही वर्गात तीच कथा सांगतो. ह्या वर्षी ती सांगताना आमची जी फजिती झाली ती प्रथम वाचकांपुढे ठेवतो व मग विषयास हात घालतो. दुसऱ्याच्या पदरातील खडे वेचण्यापूर्वी आपला पदर झाडावा, हे बरे.

कथा सर्वांस ठाऊक आहे. काकांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव असे सारे बसले होते. कोपऱ्यातील थापटणे पाहून मुक्ताबाईने विचारले, हे कशाचे? काका म्हणाले, ह्याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग इथली मडकी पारखा, असे तिने सुचविले, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत पारख केली. बाकीचे शांत बसले. नामदेव मात्र रागावले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे.

आम्ही इथपर्यंत आलो तोच वर्गात हशा पिकला व सारी मुले मागच्या बाकाकडे वळून पाहू लागली. तिथे कुंभाराचा मुलगा मान खाली घालून बसला होता. हसण्याचे कारण आम्ही दरडावून विचारले, तेव्हा पुढच्या बाकावरचे एक धीट पोर उठून म्हणाले, "गुर्जी, तुमीच म्हनता की त्याला कच्चं मडकं."

खरे होते. पाढा चुकला की त्या मुलास आम्ही त्याच नावाने हाक मारीत होतो. ज्या कुंभाराच्या तोंडचा हा शब्द, त्याने तो पंढरीच्या लाडक्या भक्ताला उद्देशून काढला होता. आणि आम्ही, चार पुस्तके शिकलेले मास्तर, तोच शब्द कुंभाराच्याच लेकराच्या डोक्यात हाणीत होतो. परीक्षकाचे परीक्षापात्र केव्हा झाले, आणि त्याच्या बापाच्या धंद्याची शिवी केव्हा झाली, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. आम्ही स्वतःस बहुजनांचे हितचिंतक म्हणवितो. पूर्वग्रह म्हणजे काय हे पाहण्यासाठी आम्हांस पुण्याच्या वाड्यात डोकवावे लागले नाही. तो आमच्या हजेरीपटाखालीच दडून बसला होता.

तात्पर्य, कथा एकच असते, पण ती कोण सांगतो व कोणाकडे बोट दाखवून सांगतो ह्यावर तिचा अर्थ फिरतो. साहित्य आणि इतिहास हे समाजाच्या हातचे आरसे आहेत असे विद्वान म्हणतात. आमच्या मते ती मडकी आहेत. वरून सारखीच दिसतात. ठोका दिल्यावाचून आतली चीर कळत नाही. तेव्हा आज आपण आपल्याच जिल्ह्यातील ह्या कथेला ठोका देऊन पाहू.

पहिल्या ठोक्याला आवाज येतो तो धैर्याचा. भर सभेत प्रश्न विचारला कोणी? सर्वांत लहान असलेल्या एका मुलीने. परीक्षा घेतली कोणी? मातीत हात असलेल्या एका कष्टकऱ्याने. आणि कच्चा ठरला कोण? ज्याच्याशी देव बोलतो असा ज्याचा लौकिक होता, तो. ज्या काळी ज्ञान जन्माने मिळते असे शास्त्र सांगत होते, त्या काळी ही कथा लोकांच्या तोंडी रुजली, ही लहान गोष्ट नव्हे. आणि एक धैर्य नामदेवांचेही होते. कथा म्हणते की ते प्रथम रुसले, पण पुढे विसोबा खेचरांस शरण जाऊन शिकले. आपला कच्चेपणा चारचौघांत कळल्यावर पुन्हा विद्यार्थी होणे हे कुंभाराच्या खऱ्या बोलाइतकेच अवघड आहे. नामदेव पक्के झाले ह्याचा पुरावा आम्ही कोणत्या चमत्कारात शोधीत नाही. 1338 साली मंगळवेढ्यात गावकूस कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी वेचून आणून पंढरीच्या महाद्वारासमोर नामदेवांनी समाधी बांधली, अशी परंपरा सांगते. ज्याची सावली लोकांस नको होती, त्याची हाडे शिंप्याच्या ह्या मुलाने उराशी धरली. पक्के मडके ते हेच. त्यांचेच 61 शब्द शिखांच्या ग्रंथसाहेबात आदराने ठेवलेले आहेत.

परंतु त्याच पायरीवर दुसरा ठोका द्या. समाधी दाराबाहेर बांधावी लागली. आत नेता आली नाही. चोखोबांच्या जातीच्या लोकांस त्या दारातून आत जाण्यास 1947 साल उजाडावे लागले, आणि तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा. सहाशे वर्षे चोखोबांचे अभंग आत गायिले जात होते व चोखोबांचे भाऊबंद बाहेर उभे होते. ज्याचे गाणे गोड लागते त्याचा माणूस मात्र विटाळतो, असा हा समाज. हे कोणा परकीयाने लिहिलेले कुभांड नव्हे. आपलाच इतिहास आपल्याविरुद्ध साक्ष देत उभा आहे.

आता गोरोबाकाकांच्या दुसऱ्या कथेकडे वळू. ती सांगण्याचे आम्ही त्या दिवशी टाळणार होतो, पण वर्गातील एका मुलीने ती देवळात ऐकलेली होती. काका विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवीत असता रांगते लेकरू पायाखाली आले व चिखलात तुडविले गेले. काकांस कळलेही नाही. आई पाणी घेऊन परतली तो हा प्रकार. तिने आकांत केला, विठोबाला बोल लावला. समाधी मोडली म्हणून काका तिलाच मारावयास धावले, तेव्हा तिने विठोबाची शपथ घालून आपल्याला शिवू नका म्हटले. काकांनी ती शपथ पाळली. घराण्यास वंश पाहिजे म्हणून तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न लावून दिले. सासऱ्याने दोघींस सारखे वागवा म्हटले, म्हणून तिलाही शपथ लागू झाली. पुढे झोपेत हात लागला म्हणून काकांनी आपले हात तोडले. शेवटी पंढरीत हात परत आले, आणि मूलही रांगत आले.

ती मुलगी उभी राहून म्हणाली, "गुर्जी, त्या आईचं नाव काय हुतं?"

कीर्तनकार तिला संती म्हणतात, असे आम्ही सांगितले. मुलीचे समाधान झाले नाही. "मग कथा तिची का न्हाई?" असे तिने विचारले, व आमच्यापाशी उत्तर नव्हते.

वाचकहो, त्या प्रश्नाचे मोल करा. पिढ्यान् पिढ्या आपण ही कथा ऐकतो आणि डोळे पुसतो ते काकांच्या भक्तीसाठी. ज्या बाईचे मूल गेले, जिने देवालाही जाब विचारला, जिच्या अंगावर नवरा धावून आला, जिच्या घरात तिचीच बहीण सवत म्हणून आणली गेली, ती कथेत केवळ काकांची परीक्षा पाहण्यापुरती येते व जाते. वंश नाही हे संकट मानले गेले; लेकरू गेले हे दुःख शेवटच्या चमत्काराने मिटविले गेले. बाईने काय सोसावे, किती सोसावे, आणि सोसून गप्प बसावे, ह्याविषयी समाजाची जी अपेक्षा आहे, ती कोणत्याही धर्मशास्त्रापेक्षा अधिक स्पष्टपणे ह्या कथेत लिहिलेली आहे. परंतु त्याच कथेत तिच्या शपथेचा उच्चारही आहे. "मला शिवू नका" असे ठणकावून सांगणारी बाई लोकांनी कथेतून गाळली नाही, किंवा त्यांस ती गाळता आली नाही. जात्यावर कथा ऐकणाऱ्या शेकडो बायांनी मनातल्या मनात तिचीच बाजू घेतली असेल, असा आमचा तर्क आहे.

येथे कोणी भाविक रागावून म्हणेल, मास्तर, संतांच्या कथेची चिकित्सा करता? हे पाप आहे. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की आम्ही काकांच्याच घरची रीत चालवीत आहोत. ज्यांनी संतांच्या डोक्यांवरही ठोका देण्यास मागेपुढे पाहिले नाही, त्यांची कथा ठोक्यावाचून घ्यावी हा त्यांचाच अपमान होय. शिवाय ही कथा काकांनी स्वतः लिहिलेली नाही. काका 1317 साली समाधिस्थ झाले असे मानतात. संतचरित्रांचा जो 'भक्तविजय' ग्रंथ घरोघर वाचला जातो तो महिपतीबुवांनी 1762 साली, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षांनी रचला. महिपतीबुवा ताहराबादचे, वतनाने कुळकर्णी. त्यांनी कुंभार, शिंपी, माळी, महार अशा सर्व संतांची चरित्रे प्रेमाने गोळा केली हे त्यांचे मोठे उपकार आहेत, व ते नाकारणारा कृतघ्न ठरेल. परंतु चाक फिरविणारा हात आणि लेखणी धरणारा हात वेगळा होता, हेही विसरता कामा नये. काकांचे स्वतःचे अभंग फारच थोडे हाती आले आहेत. संतीचा तर एकही शब्द नाही.

ज्यांना शब्द ठेवता आले त्यांच्याकडे पाहा म्हणजे फरक कळेल. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेणगोठा ह्यांतून तिने शेकडो अभंग रचले, आणि देवालाच आपल्याबरोबर दळायला बसविले. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई ह्यांनी विटाळाचे सारे शास्त्र अभंगांतून प्रश्न करून उलटे केले. देह आहे तिथे विटाळ आहेच, मग सोवळा कोण? ह्या बायांविषयी दुसऱ्या कोणी लिहिले असते तर त्या आज्ञाधारक दासी व पतिव्रता एवढ्याच उरल्या असत्या. त्यांनी स्वतः सांगितले म्हणून आपणांस त्यांची बुद्धी दिसली, रागही दिसला.

आता इतिहासाची गोष्ट. तेर हे गाव केवळ काकांचे नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' नावाची मोठी बाजारपेठ होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक खलाशाने आपल्या प्रवासवहीत नोंद केली आहे की पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथून जाडेभरडे व तलम कापड गाड्यांत लादून भडोचच्या बंदराकडे जाते. म्हणजे आपल्या माळावरचे कापड समुद्रापलीकडच्या लोकांच्या अंगावर होते. परंतु ते विणले कोणी, रंगविले कोणी, गाड्या हाकल्या कोणी? त्या वहीत मालाचे नाव आहे, माणसाचे नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतही सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट ह्यांची नावे मुले घोकतात. कोष्ट्याचे व कुंभाराचे नाव कोणी विचारीत नाही.

तरी मातीने ते ठेवले आहे. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या जुन्या वस्तू हौसेने जपून ठेवल्या, व त्यांच्याच नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आज तेरला उभे आहे. तिथे भाजक्या मातीच्या बाहुल्या, मणी, खापरे, हस्तिदंती मूर्ती अशा हजारो वस्तू आहेत. यात्रेला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समाधीचे दर्शन झाल्यावर ते पाहिलेच पाहिजे. राजांच्या पराक्रमाचे ताम्रपट राजांनीच लिहवून घेतले, तेव्हा त्यांत त्यांची स्तुती असणारच. मातीच्या बाहुलीने कोणाची स्तुती केलेली नाही. ती घडविणाराचे नाव त्यावर नाही, पण त्याचे कसब दोन हजार वर्षांनी आपल्याशी बोलते. कागद नसला म्हणजे इतिहास नसतो, असे कोणी सांगितले तर त्यास तेरची वाट दाखवावी.

पूर्वग्रहाचे आणखी एक रूप आहे. ते खोटे लिहीत नाही. खरे लिहिलेले विसरून जाते. 1855 साली पुण्यात जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या सुमारे चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला व तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून, जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा रोखठोक सवाल केला. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी मौन धरले. ते पुस्तक इतके विस्मृतीत गेले की 1975 साली स. गं. मालशे ह्यांनी पुन्हा छापून काढीपर्यंत मराठी वाचकांस त्याचा पत्ता नव्हता. दोघींस आपण आज धाडसी म्हणतो. त्यांच्या काळी त्या उद्धट ठरल्या असतील. धैर्याला धैर्य हे नाव बहुधा उशिराच मिळते.

आणि हा दोष केवळ भटशाहीच्या पदरात टाकून आपणांस हात झटकता येणार नाहीत. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु' पत्राने छापली व पुढली छापण्यास ते कचरले. जोतीरावांनी ह्याबद्दल उघड नाराजी नोंदविली आहे. 'दीनबंधु' हे आपल्या चळवळीचे पत्र, त्याचे चालक नारायण मेघाजी लोखंडे गिरणी-मजुरांचे कैवारी. त्यांची थोरवी कोण नाकारील? तरीही त्या एका प्रसंगी त्यांचा धीर खचला. ही गोष्ट आपल्याच पत्रकारांनी झाकून ठेवू नये. जो इतिहास फक्त दुसऱ्याच्या चुका दाखवितो व आपल्या लपवितो, त्याला ठोका दिला तर बद्द आवाज येतो.

1885 साली पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीरावांस आले होते. ज्या सभेत शूद्रादि अतिशूद्रांच्या सुखदुःखास जागा नाही तिथे येण्यात अर्थ नाही, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी ते नाकारले. त्याच परंपरेतले 93वे मराठी साहित्य संमेलन 2020 च्या जानेवारीत धाराशिवास भरले. त्याच्या नगरीला गोरोबाकाकांचे नाव दिले होते, आणि अध्यक्षस्थानी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. कुंभाराच्या नावाच्या मांडवात साहित्यिक बसले, हे जोतीरावांनी पाहिले असते तर त्यांस समाधान वाटले असते. पण तेव्हाही काहींनी हरकत घेतली: ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा? ज्या भाषेत 1616 साली फादर स्टीफन्स 'क्रिस्तपुराण' रचतात, जिचे गोडवे ते परदेशी असून गातात, त्या भाषेच्या अंगणात चारशे वर्षांनी एका मराठी माणसाची जात-धर्म विचारली गेली! धाराशिवकरांनी मात्र त्या हरकतीस भीक घातली नाही. संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडले. फादर दिब्रिटो 2024 च्या जुलैत निवर्तले. आपल्या जिल्ह्याने त्यांचा मान राखला ही गोष्ट आपल्या मुलांच्या कानांवर घालण्याजोगी आहे.

पण मांडवाला नाव दिले म्हणजे काम झाले काय? आमच्या मागच्या बाकावरचे पोर अजून मान खाली घालून बसले आहे. म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस आमची विनंती अशी. घरात पोथी लागो, देवळात कीर्तन होवो, शाळेत धडा चालो, की पडद्यावर ऐतिहासिक नाटक-सिनेमा दाखवो, तीन गोष्टी मुलांसमोर विचाराव्यात. ही कथा कोणी सांगितली? तिच्यात कोणाचे नाव नाही? आणि मोठेपणा एकाचा, तर सोसले कोणी? ह्यास विद्वत्ता लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलीने आम्हांस हे शिकविले. दुसरे असे की आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांच्या ओव्या, धंद्यातील शब्द, दुष्काळाच्या व रझाकारांच्या दिवसांच्या आठवणी मुलींच्या हातून वहीत उतरवून घ्याव्यात, आणि सांगणारणीचे पुरे नाव वर लिहावे. "अमक्याची आई" एवढ्यावर भागवू नये. आज जे आपण लिहिणार नाही ते उद्या दुसरा कोणी त्याच्या सोयीने लिहील.

आम्ही स्वतः काय केले तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्या मुलाची क्षमा मागितली आणि त्याला बापाचे थापटणे घेऊन यायला सांगितले. त्याने ते आणले. मडक्याच्या आत एका हाताने गोळा धरून बाहेरून थापटणे कसे मारायचे, हे त्याने हातवारे करून दाखविले. मग जरा भीतभीतच म्हणाला, "गुर्जी, थापटन्यानं मडकं पारखत न्हाईत. वल्लं असताना घडिवत्यात. भाजल्यावर पारखायला बोटाची टिचकी लागती."

वर्ग थक्क झाला, व आम्हीही. इतकी वर्षे ती कथा आम्ही सांगत आलो. सांगणारा, लिहिणारा, ऐकणारा कोणालाही हे खटकले नव्हते, कारण आम्हांपैकी कोणीही चाकावर बसलेला नव्हता. काकांनी हाताशी होते ते उचलले असेल, किंवा कथा रचणाराला धंद्याची माहिती नसेल. ते काही असो. ज्याला आम्ही कच्चे म्हणत होतो त्यालाच पोथीतील ही फट दिसली.

त्या दिवशी पाढे राहिले. मुलांनी रिकाम्या घागरीला टिचक्या मारून आवाज ऐकले, आणि कुंभाराचा मुलगा एकेकाचे बोट धरून कुठे मारायची ते दाखवीत होता.